साडेचार सेंटिमीटर

मागच्या अंकात माझ्या डाव्या पायाबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. खुब्याचा सांधा बदलला, त्यात पू झाला, धुतला, काढला, दुसरा बसवला, तोही काढावा लागला. पाच शस्त्रक्रिया झाल्या आणि गेली ९ वर्षं त्या जागी काहीच नाही. दोन-चार पत्रं येतील असं संपादकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात गठ्ठा आला, म्हणून या वेळचं सदर त्या पत्रांनाच दिलं आहे. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. तेव्हा गोळ्या कोणत्या आणि किती दिवस घ्यायच्या हे मला विचारू नका, ते तुमच्या सर्जनचं काम. बाकी विचारा.

प्रश्न : बाबा ६९ वर्षांचे आहेत. बदललेल्या खुब्यात दोनदा जंतुसंसर्ग झाला. आता डॉक्टर म्हणतात, आतलं सगळं काढून टाकू आणि नवीन काही बसवणार नाही. आई सारखी एकच विचारते, हाडाला हाड लागलेलंच नसेल तर पाय धडाला राहणार कसा? आणि मला विचाराल तर, डॉक्टरांनी हात टेकले असाच याचा अर्थ ना?

आईंना आधी सांगा की पाय लोंबत नाही. मलाही शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हीच भीती होती. उठून बसले की पाय पलंगावरच राहील असं काहीतरी डोळ्यांपुढे येत होतं.

खुबा म्हणजे उखळीचा सांधा, शाळेच्या पुस्तकात चित्र असतं तो. कमरेच्या हाडात खोलगट वाटी आणि मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा. गोळा गेला तरी मांडीभोवतीचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, कातडी हे सगळं जागच्या जागी असतं. पाय त्यांच्यावरच धरलेला राहतो. मग पुढच्या काही महिन्यांत त्या रिकाम्या जागेत जखम भरताना होतो तसा जाड, चिवट व्रण तयार होतो आणि मांडीच्या हाडाचं वरचं टोक त्यात रुतून बसतं. याला खोटा सांधा म्हणतात. खोटा म्हटला तरी तो वाकतो. मी खुर्चीत नीट बसते, गाडीत बसते. बसण्यात मला तुमच्यापेक्षा काहीही कमी नाही. कमी आहे ते उभं राहण्यात आणि चालण्यात.

पाय आखूड होतो, हे मात्र बाबांना आधीच सांगा. सांधा नसल्याने स्नायू मांडीचं हाड वर ओढून घेतात. बहुतेकांचा पाय ३ ते ६ सेंटिमीटर आखूड होतो, काहींचा त्याहून जास्त. माझा साडेचार. शिवाय पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर पांघरुणाखाली दोन पावलं दोन दिशांना पाहिली आणि मी नर्सला म्हटलं, ‘माझा पाय उलटा बसवलाय.’ ती बिचारी हसू की नको अशा चेहऱ्याने उभी राहिली.

आता हात टेकण्याचं. धातू, प्लॅस्टिक आणि हाडात भरलेलं सिमेंट यांना रक्तपुरवठा नसतो. जंतू तिथे चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून त्यात दडून बसतात. त्या थरात औषधही पुरेसं पोचत नाही आणि आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही ते आवरत नाहीत. शेवाळलेल्या दगडावर कितीही पाणी ओता, दगड तसाच. म्हणून दगडच बाहेर काढायचा. दोनदा धुऊन, औषधं घेऊनही पू येत असेल तर हाच उपचार आहे.

या शस्त्रक्रियेला गर्डलस्टोन म्हणतात, ऑक्सफर्डचे सर्जन गॅथोर्न गर्डलस्टोन (१८८१–१९५०) यांच्यावरून. क्षयाने किंवा पू होऊन नासलेला खुबा ते असा मोकळा करत. पू झालेल्या खुब्यावरचा त्यांचा लेख १९४३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांची मूळ शस्त्रक्रिया आजच्याहून बरीच मोठी होती, आता त्या मानाने थोडंच काढतात. पण साल बघा. आज आपण जो सांधा बसवतो त्याचा मूळ नमुना जॉन चार्नली यांचा, १९६२च्या सुमाराचा. म्हणजे आपल्याला जी शेवटची पायरी वाटते ती सांधाबदलाच्याही आधीपासून लोकांचे जीव वाचवत आली आहे.

बाबांचं दुखणं बहुधा कमी होईल. माझा ताप शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी उतरला आणि कित्येक महिन्यांनी मला तोंडाला चव आली. माणूस आजारी नसेल तर लंगडणं शिकता येतं. आजारी माणसाला काहीच शिकता येत नाही. वर्गातही हेच पाहिलं आहे.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा आहे. सांधा काढून चार महिने झाले. वॉकर धरून पाय टेकवला की मांडीचं हाड वर सरकतं आणि उचलला की खाली येतं. कधी कट्ट आवाजही येतो. बायको म्हणते आत काहीतरी सुटलंय. हे असंच राहणार?

सुटायला आत आता काही उरलेलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं! तुम्ही लिहिता तो अनुभव मला चांगला माहीत आहे. सायकलच्या पंपाचा दांडा वर-खाली होतो तसं. व्रण अजून कोवळा आहे म्हणून ते होतं. चार महिने म्हणजे काहीच नाही. माझा पाय ‘बसला’ असं मला वाटायला जवळजवळ वर्ष लागलं. थोडी सरक अजूनही आहे, पायरी चुकली की जाणवते.

माझा हिशेब असा होता. पहिले ३ आठवडे पायाला वजन बांधून तो ओढून ठेवला होता (आता बरेच सर्जन हे न करता लवकर उठवतात). मग वॉकर, पाय नुसता जमिनीला लावायचा. चौथ्या महिन्यात दोन कुबड्या. सातव्या-आठव्या महिन्यात घरात एक कुबडी, बाहेर दोन. काठीवर आले तेव्हा चौदावा महिना चालू होता. तुमचं वेळापत्रक माझ्यासारखंच असायला हवं असं नाही. पण चार महिन्यांत काठी हातात नाही म्हणून खचू नका.

व्यायामात लोक दुखऱ्या पायाचाच विचार करतात. मी म्हणेन, दंड आणि चांगला पाय आधी. येत्या वर्षभरात सगळं ओझं तेच वाहणार आहेत. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, दहा वेळा. चांगल्या पायावर जोर देऊन उठायचं-बसायचं. दुखऱ्या बाजूला नितंब आवळून धरणं, गुडघा ताठ करून मांडी आवळणं, आणि फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर आडवं पडून पाय बाजूला नेणं. शेवटचा व्यायाम सुरुवातीला जमतच नाही. पाय ऐकत नाही, नुसता थरथरतो. रोज करायचा. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर छातीइतक्या पाण्यात चालून बघा. पाणी वजन उचलून धरतं. मी दोन वर्षांनी पहिल्यांदा कशालाही न धरता चालले ती पाण्यात.

एक सांगून ठेवते, बायकोलाही वाचून दाखवा. सरकणं आणि कट्ट आवाज यांना घाबरायचं नाही. घाबरायचं ते ताप, थंडी वाजणं, जखमेतून पाणी किंवा पू, लाली, आधी कमी झालेलं दुखणं अचानक वाढणं, यांना. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकदम धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा सकाळची वाट न बघता निघायचं.

प्रश्न : माझा पाय ६ सेंटिमीटर आखूड झाला. बुटाचा तळ बरोबर ६ सेंटिमीटरने उंच करून घेतला. आता कंबर दुखते आणि त्या पायाने सारखी ठेच लागते. मोजमाप चुकलं का?

मोजमाप बरोबर आहे, पण पूर्ण फरक भरून काढायचा हा विचार चुकला. गणिताची बाई असून मीही हीच चूक केली. साडेचारातून साडेचार वजा केले की शून्य, म्हणून उंचीही साडेचार. पायाला वजाबाकी कळत नाही.

चालताना आखूड पाय पुढे घ्यायचा तर तो जमिनीपासून सुटावा लागतो. आपला खुब्याचा आधार गेलेला, पाय उचलण्याची ताकद निम्मी. त्यात त्या पायाला उंच, जड बूट. तो जमिनीला घासणारच. म्हणून थोडा फरक मुद्दाम शिल्लक ठेवतात. माझ्या साडेचारपैकी तीनच सेंटिमीटर भरले आहेत. त्यातला एक बुटाच्या आत टाचेखाली आणि दोन बाहेर तळाला. आत साधारण एकाच्या वर गेलं की टाच बुटातून बाहेर यायला लागते.

किती भरायचं हे फीत धरून ठरवू नका. लाकडाच्या पातळ फळ्या घ्या, किंवा जाड वह्या. आखूड पायाखाली एकावर एक ठेवत जा आणि दर वेळी मिनिटभर उभे राहा. ज्या उंचीला कंबर ‘हं’ म्हणते ती तुमची उंची. फळ्यांची जाडी मोजा. फिजिओथेरपिस्ट हेच करतात, फक्त त्यांच्या फळ्यांवर आकडे छापलेले असतात. तळ हलक्या फोमचा करून घ्या आणि पुढून, चवड्याखाली, थोडा वर वळवून घ्या. ठेच तिथेच लागते. उंचीही एकदम वाढवू नका, कंबरेला सवय होऊ द्या. आणि घरातल्या चपलेलाही तेवढीच उंची हवी. बाहेर बूट आणि घरात अनवाणी असं केलं तर कंबर दिवसातून चार वेळा तिरकी-सरळ होते. तुमचं दुखणं बहुधा यातच आहे.

इथे एक कबुली देते. हा बूट मी दोन वर्षं केलाच नाही. मला सांगितलं होतं, ‘सध्या काढतोय, पुढे बघू.’ मी ते ‘सध्या’ धरून बसले. सध्याच्या पायासाठी बूट कशाला? पुढे नवीन सांधा बसला की बूट फुकट. दोन वर्षं मी चवड्यावर चालले, टाच टेकवलीच नाही. घोट्याच्या मागची शीर आखडली ती अजून पूर्ण सुटलेली नाही. बूट तयार होऊन आला त्या दिवशी मी तो घातला, आरशासमोर उभी राहिले, आणि जोरात रडू आलं. बूट कुरूप होता म्हणून नाही, कमरेचं दुखणं त्याच क्षणी निम्मं झालं म्हणून. दोन वर्षं मी हे स्वतःला दिलं नव्हतं.

प्रश्न : काठी कोणत्या हातात धरायची यावरून आमच्या घरात रोज वाद होतो. उजवा खुबा काढलाय, मी काठी उजव्या हातात धरते. मुलगा म्हणतो डाव्या. आधार दुखऱ्या बाजूलाच हवा ना?

मुलगा जिंकला. याचं उत्तर फळ्यावर देता आलं असतं तर मजा आली असती. तराजूची दांडी डोळ्यांसमोर आणा.

एका पायावर उभं राहिलं की कंबर म्हणजे दांडी आणि खुबा म्हणजे तिचा टेकू. टेकूच्या एका बाजूला सगळं शरीर, दुसऱ्या बाजूला नितंबाचे स्नायू दांडी खाली ओढून तोल धरतात. पण शरीराचं वजन टेकूपासून जितकं लांब, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर हे स्नायू. म्हणून धडधाकट माणसातसुद्धा त्यांना शरीराच्या वजनाच्या दुपटीइतकी ओढ लावावी लागते. आता आपल्याकडे टेकूच काढलेला. मांडीचं हाड वर सरकल्याने स्नायूही सैल पडलेले. मग पाऊल टाकलं की कंबर पलीकडच्या बाजूला पडते आणि धड या बाजूला झुकतं. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनने १८९५ साली हे नीट वर्णन करून ठेवलं. डॉक्टर आपल्या चालीला त्याच्या नावाने ओळखतात.

कंबर डावीकडे पडते, तर खालून टेकू कुठे लावाल? डावीकडेच. शिवाय डावा हात उजव्या खुब्यापासून लांब असतो, आणि लांबून लावलेला थोडा जोरही पुष्कळ काम करतो. पहार लांब का घेतात, त्यातलंच हे. काठी आणि उजवा पाय एकदमच पुढे टाका. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतकी उंच ठेवा, बूट घालून मोजा. आठवडाभर चुकल्यासारखं वाटेल, मग हात आपणहून बदलणार नाही.

जिन्याचं विचारलं नाहीत, तरी सांगते. चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि वाईट पाय आधी. कठडा असेल तर तो सोडायचा नाही, मग काठी कोणत्याही हातात चालेल.

प्रश्न : आमच्या कुत्रीचा खुबा खराब झाला होता. प्राण्यांच्या डॉक्टरांनी गोळा कापून टाकला, दुसरं काही बसवलं नाही. तीन महिन्यांत ती पळायला लागली. माणसाला का जमत नाही?

तिला चार पाय आहेत.

थट्टा सोडली तरी उत्तर तेच. कुत्र्या-मांजरांत ही शस्त्रक्रिया सर्रास होते आणि छान निभते. वजन हलकं, शिवाय ते बाकीच्या तीन पायांवर वाटता येतं. आपण सबंध वजन दर पावलाला एका पायावर टाकतो. काठी घेतली की आपले तीन होतात. कुत्रीला माझ्याकडून शाबासकी द्या.

प्रश्न : नाव छापू नका. वय ४७. सांधा काढून दीड वर्ष झालं. नवरा जवळ यायला घाबरतो, त्याला वाटतं मला इजा होईल. डॉक्टरांना विचारायची लाज वाटते.

लाज कसली, त्यांना हा प्रश्न नवा नाही. सांधा बसवलेल्या माणसाला तो निखळण्याची भीती असते, म्हणून वाकण्या-वळण्यावर बंधनं घालतात. आपल्याकडे निखळायला गोळाच नाही. दीड वर्षात जखम आणि व्रण दोन्ही पक्के झालेले असतात. तपासणीत सगळं ठीक असेल तर इजेची भीती धरायचं कारण नाही, पण एकदा डॉक्टरांकडून नवऱ्याच्या देखत हे वदवून घ्या. तुमच्या तोंडून ऐकून त्याला पटणार नाही.

बाकी सोय बघायची. पाय फार फाकवून धरणं जमत नाही, लवकर थकतो. कुशीवर, दुखरी बाजू वर, गुडघ्यांमध्ये उशी, हे बहुतेकांना सोसतं. तुम्ही खाली असाल तर दुखऱ्या मांडीखाली बाहेरून उशी द्या. दुखलं तर ‘दुखतंय’ म्हणायचं आणि थांबायचं, पण सबंध विषयच बंद करायचा नाही. सुरुवातीला आम्हा दोघांना हसू फार यायचं, उश्याच इतक्या झाल्या होत्या.

प्रश्न : सांधा काढून तीन वर्षं झाली. रक्ताच्या तपासण्या आता चांगल्या आहेत. नवे सर्जन म्हणतात, पुन्हा सांधा बसवता येईल. घरचे म्हणतात करून टाक. वय ६१. तुम्ही का नाही केलं? मी करू का?

‘करू का’चं उत्तर मी देणार नाही. सर्जनला काय विचारायचं ते सांगते आणि माझं काय झालं ते सांगते.

पहिलं, जंतू खरंच गेलेत हे कशावरून? ईएसआर आणि सीआरपी (शरीरात कुठे दाह आहे का हे दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) चांगले असणं ही एक बाजू. बहुतेक सर्जन त्या जागेतलं पाणी सुईने काढून तपासतात, तुमचं तपासलं आहे का? दुसरं, हाड किती शिल्लक आहे? वाटी बसवायला आणि मांडीत दांडा रोवायला जागा हवी. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा : नितंबाचे स्नायू कसे आहेत? तीन वर्षं सैल पडलेले स्नायू सांधा बसला म्हणून दुसऱ्या दिवशी कामाला लागत नाहीत. ते दुबळे असले तर नवा सांधा निखळण्याचा धोका वाढतो आणि लंगडणं पुष्कळदा राहतंच. चौथं, पुन्हा पू झाला तर पुढे काय? उत्तर ‘पुन्हा काढू’ असं असेल, आणि ते तसंच असतं, तर तेही सहन करायची तयारी आहे का?

मिळण्यासारखंही बरंच आहे. पायाची बरीचशी लांबी परत मिळते, पायावर भार देता येतो, चालायला कमी दमणूक होते. सांध्याशिवाय चालणं किती दमवतं हे चालणाऱ्यालाच माहीत. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांनी चार वर्षांनी सांधा बसवून घेतला. त्यांची काठी गेली नाही, पण कुबडी गेली आणि त्या खूश आहेत. तेव्हा माझं ‘नाही’ तुम्ही नियम समजू नका.

मला विचारलं तेव्हा पाच वर्षं झाली होती. सर्जन समजूतदार होते, घाई केली नाही. मी घरी येऊन कागदाच्या दोन बाजूंना लिहिलं, मास्तरकीची खोड. नव्या सांध्याच्या बाजूला होतं : लांबी, वेग, जिना, उभं राहून शिकवता येणं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ होती : ‘ताप नको.’ कागद महिनाभर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. रोज बघायची. महिन्याभरात डावीकडच्या यादीतलं ‘उभं राहून शिकवणं’ मी स्वतःच खोडलं, कारण बसून शिकवायला लागून तीन वर्षं झाली होती आणि मुलांचं काही बिघडलं नव्हतं. उलट मागच्या बाकावरचे बडबडे पुढे येऊन बसायला लागले होते. मग जिना खोडला, कारण तो मी चढतच होते, सावकाश. लांबी बुटाने दिलेली. उरला वेग. नुसत्या वेगासाठी मला पुन्हा त्या टेबलावर जायचं नव्हतं.

तुमच्या कागदावर काय उरतं बघा. पाय रात्री झोपू देत नसेल, दुसरा खुबा किंवा गुडघा सगळं ओझं वाहून कुरकुरायला लागला असेल, तर तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं येईल. आणि घरच्यांना एक विचारा : ‘करून टाक’ म्हणजे माझ्यासाठी, की मला असं चालताना बघवत नाही म्हणून? माझ्या मुलाने प्रामाणिकपणे ‘बघवत नाही’ असं सांगितलं होतं. त्याचा मला राग आला नाही. मी म्हटलं, मग तू माझ्या पुढे चाल.

प्रश्न : विमानतळावर आमच्या आजोबांचा बदललेला खुबा वाजतो. तुमचा?

पूर्वी वाजायचा, दर वेळी बाजूला घेऊन तपासायचे. आता मी निघून जाते आणि काठी तपासतात.

प्रश्न : साधाच प्रश्न आहे. रात्री झोपताना तो पाय कसा ठेवता? मला कूस बदलताच येत नाही, पाय मागे राहतो आणि कळ येते.

पाय मागे राहतो हे अगदी खरं, मला तर तो उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यासारखा वाटतो. धड वळतं, पाय आपला तिथेच. म्हणून त्याला आधी वळवायचं.

उताणं झोपताना मांडीच्या बाहेरच्या बाजूला टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. मग पाऊल बाहेर लोळत नाही. कूस बदलायची तर चांगल्या बाजूवर. आधी चांगला गुडघा वाकवा, मग हाताने दुखरी मांडी धरून तीही थोडी वाकवा. दोन्ही गुडघ्यांमध्ये लांब उशी घ्या, पार घोट्यापर्यंत जाणारी. लहान उशी घेतली तर पाऊल खाली पडतं आणि कळ तिथूनच येते. आता गुडघे उशीसकट एकदम वळवा आणि धड त्यांच्या मागून येऊ द्या. पलंग उंच आणि गादी कडक असेल तर उठतानाही सोपं जातं.

दुखऱ्या बाजूवर झोपायला मला तीन वर्षं लागली. आता कधी कधी पहाटे जाग येते तेव्हा मी डाव्या कुशीवर असते, आणि कधी वळले ते आठवत नाही.